पाठीकडून विणलेली नदी

९ जानेवारी

ठके,

आशीर्वाद मागाहून, आधी भांडण. फोन तू उचलत नाहीस. तुझ्या बापाच्या फोनवरून केला तरी नाही. शेजारणीच्या फोनवरून केला तर "चुकीचा नंबर" म्हणून ठेवलास. आवाज माझ्या नातीचा, मला काय ओळखू येत नाही? म्हणून हे पत्र. पत्राचं बरं असतं. दारात येऊन पडतं, आणि राग असला तरी वाकून उचलावंच लागतं.

अक्षर बघून कपाळाला आठी घातली असशील. होय, तुझ्या आईचंच आहे. मला लिहिता येत नाही हे तुला नवीन नाही. तुझ्या बापाचं अक्षर त्याचं त्याला लागत नाही, आणि शेजारीण लिहायला बसली की निम्मं पत्र तिच्या गुडघ्यांचं होतं. उरली तुझी आई. तिला बजावून बसवलंय, मी बोलेन ते उतरवायचं, पदरचं शहाणपण मधे घालायचं नाही. दोन वर्षं तुम्ही मायलेकी एकमेकींशी बोलला नाहीत. आता ती लिहितेय आणि तू वाचतेयस, मी आपली मधली भिंत. भिंतीला कान असतात म्हणतात. या भिंतीला तोंडही आहे.

आपली विणकामाची संस्था जोरात आहे. तू होतीस तेव्हा मंडळाची बैठक वर्षातून दोनदा व्हायची आणि त्यातही माणसं डुलक्या काढायची. तुझी नऊ वर्षांची योजना भिंतीवर लावलेली, तिच्यात बोलण्यासारखं काय होतं? आधी खालचं खोल पाणी विणायचं, मग मधला प्रवाह, मग वर जाता जाता बारीक होत डोंगरातला एकच निळा धागा. नऊ वर्षांनी ते भिंतचित्र रुग्णालयाच्या मोठ्या दालनात लागणार, आपला नंबर कधी येतो म्हणून बसलेल्या माणसांना बघायला एक नदी. झालं. पुढचा विषय चहा.

आता बैठक दर सोमवारी. विषय एकच, गेल्या आठवड्यात फोनवर किती जणांनी अंगठा दिला. मला जन्मभर अंगठाबहाद्दर म्हणून हिणवलं, आणि आता डॉक्टर, वकील, सगळे माना खाली घालून अंगठे मोजत बसतात. मी कोपऱ्यात धाग्याच्या कांड्या भरते आणि गंमत बघते.

ज्यावरून तू गेलीस ते मतदान चालू आहे. दर शुक्रवारी तुझी आई फोनवर दोन चित्रं टाकते, लोक सांगतात पुढची वीत कशाची विणायची, आणि सोमवारी मागावर तेच. विणलेलं खालच्या रुळावर गुंडाळलं जातं, पुन्हा दोन चित्रं. तुझी आई म्हणते, "आई, हेही सांगा की वीज तोडायला माणूस दारात आला होता, आणि या मतदानामुळे तो परत गेला." सांगितलं. खरं आहे ते. तू गेलीस तेव्हा दिवा चालू राहिला तो हिच्यामुळे. मीही काही साधू नाही. माझ्या कांड्या भरणाऱ्या हातांचं चित्र हिने फोनवर टाकलं तर कुठल्याशा परमुलखातल्या बाईने लिहिलं, किती सुंदर हात. तुझ्या आजोबांना उभ्या जन्मात हे सुचलं नाही. मी तुझ्या बापाकडून ते चारदा वाचून घेतलं.

पुढच्या महिन्यात रुग्णालयाचा अभियंता मापं घ्यायला येणार आहे, चित्र टांगायच्या दांडीसाठी. त्यासाठी गुंडाळलेलं सगळं पहिल्यांदा उलगडायचंय. ये बघायला. चित्र तुझं, निदान खालून अर्धं तरी, तू विणलेली दोन वर्षं.

आता आशीर्वाद.
आजी


२१ फेब्रुवारी

ठके,

नाही आलीस. बरं केलंस. आली असतीस तर तुला आवरायला दोन माणसं लागली असती.

अभियंता आला, कानामागे पेन्सिल, हातात टेप. तुझा बाप, रंगारी आणि अध्यक्ष, तिघांनी मिळून धागे सैल सोडले आणि रूळ उलटा फिरवून सगळं जमिनीवर पसरलं, सुलटी बाजू वर करून. आपण पाठीकडून विणतो हे तुला मी सांगायला नको. विणणारी बाई बसते तिच्याकडे उलटी बाजू, लोंबत्या धाग्यांची. सुलटी पलीकडे, भिंतीकडे तोंड करून. म्हणून तर तू चित्र आरशातल्यासारखं उलटं काढून मागे लावायचीस, आणि मला वाटायचं पोरीला धड काढता येत नाही. पण फोन कुठे असतो? बाईच्या पाठीशी. लोकांना दिसतं ते पाठीकडचं. मग लोकांना नीट दिसावं म्हणून तुझ्या आईने चित्रं सरळ लावली. दोन वर्षं लोकांनी पाठ बघितली, पाठीला मतं दिली, आणि तोंड कोणीच बघितलं नाही. आम्हीसुद्धा नाही.

खाली तुझं पाणी होतं. एवढंच सांगते की अभियंत्याने टेप काढली आणि मोजायची विसरला. त्याच्यावर देवमासा. त्याच्यावर चष्मा लावलेलं मांजर, उडता फुगा, कोणाची तरी सायकल, वाफेचा कप. आणि सगळ्यांच्या वर, तुझ्या आईने हौसेने विणून घेतलेली ओळ, मतं देणाऱ्या सर्वांचे आभार. ती उलटी. सगळ्यांनी माना वाकड्या केल्या. अभियंत्याने विचारलं ही कुठली लिपी. मला काय, मला सगळ्याच लिप्या सारख्या, पण त्या दिवशी त्या खोलीत मी एकटी नव्हते.

बरं, तेवढ्यावर भागलं नाही. तुझं पाणी भिंतीएवढं रुंद, आणि वर जाता जाता कापड आत ओढलेलं, फोटोसाठी पोट आत घेऊन उभ्या राहिलेल्या माणसासारखं. विणणारी बाई म्हणाली, फोन लावला की हात आपोआप धागा ताणतो. तो बघतोय म्हटल्यावर ढिलं कसं सोडणार?

आपले अध्यक्ष जन्मभर लोकांचे दात काढत आले, धीर सोडणारा माणूस नव्हे. म्हणाले, उलटी बाजूच दर्शनी लावू, आधुनिक दिसेल. अभियंत्याने लोंबत्या धाग्यांकडे बघितलं आणि म्हणाला, तिथे लहान मुलं असतात, ओढतील. शेवटी तुझी आई बोलली. वरचं सगळं उसवू या, पाण्यापर्यंत. हे वाक्य तिने स्वतः उच्चारलं, मी साक्षीला आहे. ती म्हणतेय हे लिहायची गरज नाही. लिही गं.

देवमाशाला मत मी दिलं होतं, तुझ्या बापाच्या फोनवरून. कधी पाहिला नव्हता. तुला दुसऱ्या कोणाकडून कळण्यापेक्षा माझ्याकडून कळलेलं बरं.

आजी


३० मार्च

ठके,

तुझं कार्ड मिळालं. दोन शब्द, "मी ठीक." शाई महाग झाली वाटतं तिकडे. तुझ्या आईने ते वाचून दाखवलं, मग तेच पुन्हा वाचून दाखवलं, मला पहिल्यांदाच कळलं होतं तरी.

उसवणं चालू आहे. सोपं नाही. आडवा धागा हाताने ओढून काढायचा, उभ्याला धक्का लावायचा नाही. निघालेला धागा नागमोडी झालेला असतो. तो रंगारी धुतो, खाली वजन बांधून वाळत घालतो, मग सरळ झाला की माझ्याकडे कांडीवर येतो. देवमाशात तुझी गडद निळी लोकर किती गेली होती, बाई गं. ती सगळी परत मिळाली. रंगाऱ्याचा जीव भांड्यात पडला. तो निळा त्याला पुन्हा जमणार नव्हता आणि हे तो कोणाला सांगतही नव्हता.

इथपर्यंत ठीक होतं. पण फोन काही उठला नव्हता, आपला जागेवर. कोणीतरी उसवतानाचंही टाकलं. ठके, विणण्याला कधी मिळाले नाहीत एवढे अंगठे उसवण्याला मिळाले. लोक म्हणे ते बघता बघता झोपी जातात. मन शांत होतं म्हणतात. कोणाचं मन आणि कोणाचं काम. मांजर उसवताना तर अध्यक्ष स्वतः खुर्ची टाकून बसले होते.

पुढे जे व्हायचं तेच झालं. सोमवारच्या बैठकीत नवी योजना आली, लांब पल्ल्याची म्हणे. पंधरा दिवस विणायचं, पंधरा दिवस उसवायचं, असं कायम. संपायचं म्हणून काही नाही. रुग्णालयाच्या भिंतीचं पुढे बघू. तुझा नऊ वर्षांचा तक्ता काढून त्या जागी कसला तरी चढता आलेख लावला. तक्ता मी फेकू दिला नाही, कांड्यांच्या टोपलीखाली घातलाय. टोपली डगमगायची, आता डगमगत नाही.

मी तुझ्या बापाला विचारलं, तुला हे बरं वाटतं का. तो म्हणाला, मी मधे पडत नाही. तो जन्मला तेव्हापासून मधे पडलेला नाही.

आजी


१६ एप्रिल

ठके,

हे पत्र लहान आहे, कारण तुझी आई मधेच पेन ठेवून पाणी प्यायला जाते.

वरचं सगळं उसवून झालं. आता मागावर तुझं पाणी आहे आणि त्याच्यावर उघडे उभे धागे. अध्यक्ष म्हणाले, लोक थांबायला तयार नाहीत, त्यांना पुढचं उसवणं बघायचंय. पुढचं म्हणजे तुझं. कोणाला तरी शंका आली, की निदान विचारावं तरी. मग विचारतायत. कोणाला? तुला नाही. फोनला. "नदी ठेवावी" एका बाजूला, "नदी उसवावी" दुसऱ्या बाजूला, आठवडाभर मुदत.

ते फोनवर टाकलं तुझ्या आईने. मंडळाचा ठराव आहे, म्हणाली. मी विचारलं, तुझं स्वतःचं मत काय?

"संस्थेच्या कार्यवाहाला मत नसतं, आई."

"आणि ठकीच्या आईला?"

तिने बराच वेळ पेनाचं टोपण लावलं, काढलं. मग म्हणाली, "हे लिहायचं का?" मी म्हटलं, लिही.

"उसवावी" पुढे आहे. तू बघत असशीलच. नसशील बघत तर बघू नकोस.

आजी


५ मे

ठके,

हे अक्षर तुझ्या बापाचं. लागलं नाही तर मोठ्याने वाच, कधी कधी लागतं. तुझी आई हे लिहायला तयार नाही. आणि तो म्हणतो मी मधे पडत नाही. म्हटलं पडू नकोस, नुसता बस आणि लिही.

मत "उसवावी"चं झालं. थोडंथोडकं नव्हे, धो धो. सोमवारी सकाळी अध्यक्षांनी तिपाईवर फोन लावला, आणि हे त्याच क्षणी सगळीकडे दिसणार होतं. विणकर बायांनी हात लावायला नकार दिला. एक म्हणाली पाठ दुखतेय, दुसरी म्हणाली हिची पाठ दुखतेय म्हणून मी हिला घरी सोडते. म्हणून तुझी आई बसली मागासमोरच्या फळीवर. वरच्या ओळीचा धागा तिने बोटाने शोधला, टोक सोडवलं, आणि तशीच बसली. फोनमध्ये लोक लिहीत होते, चला, सुरू करा, ओढा. अध्यक्ष एक एक वाचून दाखवत होते, तिला उत्तेजन म्हणून.

मग तिने ते टोक परत आत खोवलं. उठली, फोनकडे वळली. रागावलेली नव्हती, मी नीट बघत होते. तहान लागली असं सांगावं तशी बोलली.

"ही माझ्या मुलीची नदी आहे. हिच्यावर मत घ्यायला नको होतं, ते मी घेतलं. ही उसवायची नाही."

अध्यक्ष म्हणाले, "वहिनी, संस्था लोकांची आहे. लोकांनी सांगितलंय."

"मग लोकांना म्हणावं, इथे येऊन उरलेली सात वर्षं विणायला बसा, आणि मग सांगा."

आणि तिने तिपाई उचलून जिन्यात नेऊन ठेवली, फोनसकट. बराच वेळ त्या लोकांना आपला जिना दिसत होता म्हणे. काहींना आवडला.

पुढचं सांगते, पण मोठी जीत वगैरे समजू नकोस. दोन दिवस लोक तिला काय काय बोलले ते तुझा बाप वाचून दाखवत नाही. आठवडा संपायच्या आत फोनवर एक गाणारा कुत्रा आला आणि सगळे तिकडे गेले. मंडळाने बैठक घेऊन तिचं कार्यवाहपद काढलं, आणि आता ते कोणी घेत नाही. अध्यक्ष येत नाहीत. पुढच्या दोन खोल्या एका शिंप्याला दिल्या, विजेचं त्यातून निभतं. एक विणकर गेली, पाठ दुखणारी राहिली. रुग्णालयाने कळवलं की भिंत रिकामी वाईट दिसते म्हणून त्यांनी तिथे घड्याळ लावलंय. चित्र तयार झालं तर घड्याळ हलवता येईल.

तुझी आई रोज मागावर बसते. काय सांगू तुला, हात फार वाईट आहे तिचा. पण फोन नाही म्हणून सैल तरी विणते. तुझं उलटं चित्र धाग्यांमागे लावलंय, टोपलीखालचा तक्ताही परत भिंतीवर गेलाय, टोपली पुन्हा डगमगते. अडचण अशी की चित्रात नुसत्या रेघा आहेत. पाण्याचा निळा इथून पुढे कसा फिका होत जातो ते तू डोक्यात घेऊन गेलीस. रंगाऱ्याकडे सात निळे आहेत, आणि तो, तुझी आई, ती राहिलेली विणकर, तिघं तीन वेगळ्या निळ्यांवर बोट ठेवतात. मी म्हटलं मतदान घ्या. कोणी हसलं नाही.

पाकिटात सात तुकडे घातलेत. जो पुढे लावायचा त्याला गाठ मार आणि परत पाठव. लिहायला नको. बोलायला तर नकोच. तोवर ती खालच्या ओळी फणीच्या पंज्याने ठोकून सारख्या करत बसेल, तिला सवयही होईल.

सात वर्षांनी ते पुरं होईल तेव्हा मी बघायला असेन असं धरून चालू नकोस. मला त्याचं काही नाही. खालचं पाणी मी बघितलंय, उगमाशी मला काय करायचंय?

आजी
(आणि बाबा. लिहिताना मधे पडलो नाही.)


२२ जून

ठके,

पुन्हा तुझ्या आईचं अक्षर.

पाकीट आलं. आम्हाला वाटलं होतं एका तुकड्याला गाठ असेल, नाहीतर सगळे तसेच परत येतील. तू काय केलंस, दोन निळे घेतलेस आणि एकमेकांत पीळ घालून एक धागा केलास, एक गडद, एक फिका. बाकीचे पाच ठेवून घेतलेस, ते तुझ्याकडेच असू देत. रंगारी तो पीळ उजेडात धरून उभा राहिला आणि म्हणाला, असंच करायची ती, विसरलोच होतो. चिठ्ठी नव्हती. मीच नको म्हटलं होतं, तेव्हा तक्रार नाही.

आम्ही त्याप्रमाणे दोन-दोन धागे पिळून कांड्या भरल्या. तुझा तुकडा मात्र तुझ्या आईने कांडीवर घेऊ दिला नाही. हातानेच विणायला बसली. विणता विणता थांबली. पिळात एक केस अडकला होता, लांब. तुझाच असणार. पांढरा होता.

तिने तो चिमटीत धरला. मी म्हटलं, त्यात काय, आपल्या घरात केस लवकर पिकतात आणि अक्कल उशिरा. ती म्हणाली, "आई, ती गेली तेव्हा एकही नव्हता."

काढून टाकेल असं मला वाटलं. कापडात केस राहू देत नाहीत, ती पाठ दुखणारी विणकरही तेच म्हणाली. तुझ्या आईने तो धाग्याला लावून धरला, आत घेतला आणि वरून पंजा ठोकला. सुलट्या बाजूने दिसतो का ते बघायला मी पलीकडे गेले. नाही दिसत.

आजी